आधीं कर्ज, मग अवगुण

दसरा झाला कीं आमच्या बीड जिल्ह्यांतील गांवें ओस पडूं लागतात. पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर ह्या बालाघाटच्या पट्ट्यांतील कुटुंबें मुकादमाची उचल अंगावर घेऊन कारखान्याची वाट धरतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि पोरें कोयत्यामागें. पाडव्याच्या सुमारास पोरगें शाळेंत परत येतें तेव्हां पाढे विसरलेलें असतें. मग आम्ही मास्तर मंडळी म्हणतों, ह्या लोकांना विद्येची आवडच नाहीं. असें आम्हीही पूर्वीं बोललों आहों. आज त्याची लाज वाटते.

उचल बुडवून कोणी पळाला तर "जातच लबाड" असें म्हणावयास गांव मोकळें. ह्या बाबतींत आमच्या मुसलमान बांधवांचा धर्म अधिक खोल पाहतो. पैगंबरसाहेब कर्जापासून रक्षण व्हावें म्हणून प्रार्थना करीत, आणि कर्ज माणसाला खोटें बोलावयास व वचन मोडावयास लावतें असें त्याचें कारण देत. म्हणजे आधीं कर्ज, मग अवगुण. भटजी गरिबीला पूर्वसंचित म्हणतो, मुल्ला तकदीर म्हणतो; पण मुल्लाच्याच कुराणांत व्याज हराम आहे, आणि अडलेल्या ऋणकोला मुदत द्यावी, रक्कम सोडून दिल्यास अधिक चांगलें, असें सांगितलें आहे. खाडा पडला कीं दंड चढतो. त्याला व्याज म्हणा कीं न म्हणा! त्या दंडाच्या धाकानें बाया दुखणें अंगावर काढतात. २०१९ सालच्या सरकारी समितीपुढें ह्या जिल्ह्यांतील ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांपैकीं १३ हजारांवर बायांचीं गर्भाशयें काढलेलीं निघालीं.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें बंद झाली. पण उचल फिटली नाहीं तर पुढल्या सालीं पुन्हां त्याच मुकादमाच्या दारीं जावें लागतें. कुराणांत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत बंधनांतून सोडवावयाचा गुलाम आहे आणि कर्जांत बुडालेला माणूसही आहे. इ. स. ६२४ मध्यें बद्रच्या लढाईंतील ज्या कैद्यांपाशीं खंडणीला पैसा नव्हता पण अक्षर होतें, त्यांनीं मदिनेच्या मुलांना लिहावयास शिकवून सुटका करून घेतली, अशी हकीकत सांगतात. जोतीराव फुल्यांनीं महंमदावर काव्य रचलें तें उगीच नव्हे.

म्हणून मशिदींच्या पंचांना आमची विनंती आहे. रमझानांत चाळिसाव्या हिश्श्याची जकात निघते, ती दारोदार चिल्लर व लुगडीं वांटून संपते. ती एकत्र करून गांवांतील एका तरी घराची उचल फेडा, त्याचीं पोरें शाळेंत राहूं द्या. जकात मुसलमानालाच, असें मौलवी म्हणतील. बरें, ऊसतोडींत मुसलमान घरेंही आहेतच; आणि इतरांसाठीं सदका आहे, त्याला धर्माची आडकाठी नाहीं. आमचे हिंदु बांधव हें वाचून मान डोलावतील. त्यांनींही यंदाच्या सप्ताहांतील एक पंगत कमी करून तो पैसा दसऱ्यापूर्वीं ह्याच कामीं लावावा.