सायकल दिली, रस्त्याचं काय?

इटियाडोह धरणाचं पाणी कोणत्या नहराला कधी आणि किती दिवस सोडायचं, यावर विचार करायला कालवा सल्लागार समिती असते. पाटबंधारे खात्याचे अधिकारी बसतात, लोकप्रतिनिधी बसतात, शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकलं जातं, इतिवृत्त लिहिलं जातं. धानाला पाणी मिळायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्याच नहराच्या पाळीवरून सायकल हाणत शाळेला जाणाऱ्या पोरींसाठी अशी समिती का नसावी? पाण्याच्या वाटेची एवढी काळजी वाहणाऱ्यांना पोरींच्या वाटेची आठवण का होत नाही?

हे विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : “सायकली दिल्या ना!” खरं आहे, दिल्या. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्यात गोंदियाचेही तालुके आहेत. २०२२ साली अनुदान साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झालं. सायकलीनं काय होतं तेही आपण जाणतो. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देणं सुरू झालं, आणि पुढे अभ्यासकांनी मोजलं तर माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी जवळपास एक तृतीयांशानं वाढली होती. तेव्हा सायकल ही दयेची भेट नाही, मुलीच्या शिक्षणाचं साधन आहे.

पण सायकल हवेत चालत नाही, मैत्रिणींनो. ती रस्त्यावर चालते, आणि रस्ता अजून मोटारवाल्यांचाच आहे. डांबराची कड तुटून खाली खोल गेलेली. समोरून रेतीचा टिप्पर आला की पोरीनं उतरायचं कुठं? पावसाळ्यात कडेची झुडपं एवढी वाढतात की वळणापलीकडचं दिसत नाही. इकडे नवेगाव, पलीकडे नागझिरा. २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या आसपासच्या गावांतून पोरी अंधार पडता पडता घरी येतात. पानठेल्यावरच्या टोळक्याचं तर बोलायलाच नको. आणि काही वाईट घडलं की होतं काय? रस्ता दुरुस्त होत नाही, टिप्पर थांबत नाही, टोळकं उठत नाही. पोरीची शाळा बंद होते. रस्ता सुधारण्यापेक्षा पोरीला घरी बसवणं सगळ्यांनाच स्वस्त पडतं!

समित्यांचा आपल्याकडे दुष्काळ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. शाळेच्या बसगाड्यांसाठी राज्याने २०११ साली नियम केले आणि शाळेशाळेत परिवहन समिती नेमायला सांगितलं. पण नावातच मोटार, नियमातच बस. जी पोरगी स्वतःच्या पायाच्या बळावर शाळेला येते, ती या कागदांत कुठे बसते?

म्हणून मी म्हणते, तालुक्याला सायकलवाल्यांची सल्लागार समिती हवी. तिच्यात निम्म्याहून जास्त बाया हव्यात, आणि त्याही रोज सायकल चालवणाऱ्या : शाळेच्या मुली, सायकलीवर फिरणाऱ्या आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, रोवणीला दुसऱ्या गावी जाणाऱ्या मजूर बाया. खड्डा कुठे आहे हे जीपमधून फिरणाऱ्या साहेबापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. रात्री कुठे दिवा हवा, कुठे थांबायची भीती वाटते, हे तर त्यांच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

अशी समिती करेल काय? एक रस्ता जिल्हा परिषदेचा, दुसरा बांधकाम खात्याचा, नहराची पाळ पाटबंधाऱ्याची, पुढचा तुकडा जंगल खात्याचा. एकटी आई अर्ज घेऊन गेली तर प्रत्येक टेबलावर तिला “हे आमच्याकडे येत नाही” एवढंच ऐकायला मिळतं. समितीनं या चौघांना एकाच टेबलाशी बोलवायचं. आधी रस्ता पायी फिरून यादी करायची, कोणता दोष कोणाच्या खात्याचा ते लिहायचं, आणि पुढच्या बैठकीत मागच्या यादीचं उत्तर मागायचं. मागण्याही काही आभाळातल्या नाहीत. कडेला मुरूम भरा. झुडपं छाटा. शाळेपाशी गतिरोधक टाका. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी टिप्पर थांबवा. तशी बंदी घालण्याचा अधिकार कायद्यात आहे. शाळेत हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान ठेवा.

कुणी म्हणेल, सल्लागार समिती म्हणजे दात नसलेला वाघ. ही भीती खोटी नाही. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तरी तिथले सायकलमार्ग मध्येच तुटतात आणि उरलेल्यावर गाड्या उभ्या असतात. आराखडा मंजूर झाल्यावर पाठपुरावा सुटला की असं होतं. आपल्याकडे दात आहेत, ते वापरायला हवेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. तिथला ठराव ग्रामसभेत मांडता येतो. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. उत्तर आलं नाही तर का आलं नाही हे लेखी विचारता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त झोंबतो : “आता घरोघरी मोटारसायकल आहे, सायकलीचं काय घेऊन बसलात?” घरोघरी आहे, पण किल्ली कुणाच्या खिशात आहे? बाईला दवाखान्यात जायचं तर नवऱ्याला वेळ हवा, पोराची मर्जी हवी. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुकोट्टईच्या हजारो बाया साक्षरता मोहिमेत सायकल शिकल्या, लोकांची टिंगल सोसून शिकल्या. कारण कुणाच्या मागे न बसता जाता येणं म्हणजे काय, हे त्यांना कळलं होतं.

येत्या महिला सभेत हा विषय घ्या. सोबत गावातल्या सायकलवाल्या मुलींना आणा आणि आधी त्यांना बोलू द्या. ठरावाखाली तारीख लिहा, पोच घ्या, आणि एक महिन्यानं तीच पोच घेऊन पुन्हा जा.