किटली, काहील आणि भगुणे

भाषांतराच्या तासाला आम्ही एक साधा उतारा दिला होता. विषय मुद्दाम साहित्याबाहेरचा निवडला होता: घरच्या घरी बिअर तयार करणारा एक परदेशी गृहस्थ आता मोठ्या प्रमाणावर बिअर करू पाहतो, आणि त्यासाठी मोठे 'केटल' कसे निवडावे याचा विचार करतो. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी कवितांची भाषांतरे बऱ्यापैकी केली होती. हा उतारा तर त्यांना किरकोळ वाटला. उत्तरपत्रिका हाती आल्या तेव्हा बहुतेकांनी 'मोठी किटली' असे लिहिले होते, आणि 'बॅच' या शब्दासाठी दोघा-तिघांनी चक्क 'तुकडी' वापरली होती. बिअर मोठ्या तुकड्यांमध्ये बनू लागली होती!

वर्गात हशा पिकला, पण एका विद्यार्थिनीने, जिच्या घरी लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे, शांतपणे विचारले, "सर, साठ लिटरची किटली उचलणार कोण?" आमच्या मते त्या तासाचा सर्वांत गंभीर वाङ्मयीन प्रश्न तोच होता. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

मराठीत किटली म्हणजे चहाची, तोटी असलेली, एका हाताने कलती करता येणारी. बिअरच्या भांड्याचे काम निराळे आहे. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड अर्क त्यात हॉप्सच्या फुलांसह तासभर खळखळून उकळायचा असतो. उकळी फुटताना फेस असा उसळतो की भांडे काठोकाठ भरलेले असेल तर निम्मा माल शेगडीवर जातो. म्हणून वीस लिटर बिअर करायची तर भांडे तीस-पस्तीस लिटरचे लागते. चाळीस लिटर करायची तर साठाचे. शिवाय घरगुती शेगडीच्या एका बर्नरवर एवढे पाणी उकळीला यायला दोन-तीन तास लागतात. उकळता अर्क भरलेले भांडे उचलणे अशक्य, म्हणून तळाशी तोटी हवी. आणि यीस्ट घालण्याआधी तो अर्क झटपट निववण्याची सोयही हवी. आकारमान दुप्पट केले तरी, ठेवण तीच असेल तर, पृष्ठभाग दीडपटीहून थोडाच अधिक वाढतो. त्यामुळे मोठे भांडे निवायलाही वेळ घेते. थोडक्यात, भांडे मोठे केले की सारी कृतीच बदलते.

मग याला काहील म्हणावे काय? मोह होतो खरा, कारण गुऱ्हाळाशी या कृतीचे साम्य विलक्षण आहे. तिथेही गोड रस उकळतो, तिथेही फेस वर येतो. रस निवळण्यासाठी गुळव्या रानभेंडीचा चिकट रस घालतो, तर बिअर करणारे त्याच कामासाठी एक समुद्री शेवाळ घालतात. पण काहील पसरट आणि उथळ असते, कारण गुळाला पाणी उडवून लावायचे असते. बिअरला पाणी राखायचे असते, म्हणून तिचे भांडे उभट आणि खोल. दोन्ही भांड्यांचा आकार त्यांच्या हेतूतून आलेला आहे. शब्दकोशात ती शेजारी बसली म्हणून एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. गुऱ्हाळाने मात्र आपल्याला 'बॅच'चा नेमका शब्द देऊन ठेवला आहे: आधण. एका वेळी काहिलीत जेवढा रस चढतो ते एक आधण. तळणाच्या बाबतीत आपण घाणा म्हणतो. हे शब्द घरात असताना 'तुकडी' आली ती शाळेच्या पटावरून.

भांड्याचे नाव त्या विद्यार्थिनीनेच सुचवले. सिन्नरकडच्या स्वयंपाकघरात उभट काठाच्या, सपाट बुडाच्या पातेल्याला भगुणे म्हणतात. मुंबई-कोकणात त्यालाच टोप म्हणतील. 'मोठे भगुणे' म्हटल्याबरोबर उतारा जागेवर आला.

गंमत अशी की, इंग्लंडातले बिअरवाले या भांड्याला आजही 'कॉपर' म्हणतात, जरी ते आता बहुधा स्टीलचे असते. धातू गेला, नाव राहिले. यात परके काही नाही. आपण 'स्टीलचा तांब्या' म्हणतो आणि 'स्टीलच्या ग्लासात' पाणी देतो तेव्हा हेच करतो. नाशिकच्या तांबटांची ठोक्याची भांडी बघत मोठ्या झालेल्या पिढीला तांब्यातले तांबे दिसत असे. आमच्या विद्यार्थ्यांना ते दाखवावे लागते.

इथवरचा भाग सोपा. खरी अडचण 'होमब्रू' या शब्दापाशी येते. एका विद्यार्थ्याने 'हातभट्टी' लिहिले, आणि वर्गाने त्याला वेड्यात काढले. शास्त्रदृष्ट्या तो चुकलाच होता. बिअरमध्ये आधी उकळणे आणि मग आंबवणे. हातभट्टीत आधी आंबवणे आणि मग त्या रसायनाला उकळून वाफ धरणे. पण सामाजिकदृष्ट्या त्याच्या कानांनी बरोबर ऐकले होते. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरचा परवाना रद्द झाला, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती संघराज्याच्या पातळीवर मोकळी झाली. म्हणून तिथे 'होमब्रू' हा एक निरुपद्रवी छंद आहे. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा ठरवले, आणि तो कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे. म्हणून आपल्या भाषेत या कृतीचे शब्द छंदाच्या पानावर आढळत नाहीत. ते सापडतात 'रसायन नष्ट' अशा बातमीच्या ओळीत. एकाच जिल्ह्यात द्राक्षाच्या मद्याला पर्यटनाची भाषा मिळते आणि मोहाच्या मद्याला पंचनाम्याची. हा फरक भांड्याच्या आकाराचा, आणि भांडे कोणाचे आहे याचाही आहे.

हातभट्टीची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. विषारी दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हालाही ठाऊक आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, भाषांतरकाराने हा फरक लपवू नये. 'घरगुती बिअर' असे लिहावे, आणि मराठी वाचकाला त्यात जो किंचित अडखळा जाणवेल तो राहू द्यावा. तो अडखळा आपल्या समाजाचा आहे, गुळगुळीत शब्दाने तो मिटत नाही.

पुढच्या सत्रात भाषांतराचा पहिला तास आम्ही भांड्यांवर घेणार आहोत. काहील, हंडा, घंगाळ, भगुणे, टोप: प्रत्येकाने घरून एक शब्द आणायचा, आणि ते भांडे काय काम करते हे सांगायचे. ज्याला ते सांगता येईल त्याच्या हाती कविता द्यायला आमची हरकत नाही.