कर्दळ पाणी साफ करील, राबणार कोण?

मोरीचं पाणी परसात सोडायचं आणि त्यावर अळू, कर्दळ, केळ लावायची, ही काही कुणा तज्ज्ञानं शिकवलेली गोष्ट नाही. घरोघरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ती करत आल्या. आता हीच गोष्ट ‘नैसर्गिक जलशुद्धीकरण’ असं भारदस्त नाव घेऊन शिबिरांतून आणि सरकारी आराखड्यांतून आपल्याकडे परत येते आहे. आपल्या गटांमध्ये यावर दोन मतं दिसतात. काहीजणी म्हणतात, स्वस्त आहे, आपल्या हातात राहणारं आहे, लगेच सुरू करूया. काहीजणी म्हणतात, हे बायकांच्या गळ्यात आणखी एक काम बांधणं आहे. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. म्हणूनच माझं मत असं, की तंत्र जरूर घ्यावं, पण त्यासोबत येणारं ओझं निमूटपणे घेऊ नये.

आधी तंत्र समजून घेऊ. झाडं पाणी ‘पिऊन’ साफ करतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बरंचसं काम मुळांवर आणि खडीवर चिकटून वाढणारे सूक्ष्म जिवाणू करतात. पाण्यातली खरकटी, साबणाची, मळाची घाण ते खातात. मुळं त्यांना आसरा देतात, थोडा प्राणवायू पुरवतात आणि नत्र-स्फुरदाचा काही भाग स्वतः शोषून घेतात.

हिशेब अगदी साधा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशननं ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप धरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. त्यातलं २०० लिटर मोरीतून आणि न्हाणीतून बाहेर पडतं असं धरू. १० फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल खड्ड्याला तळाशी आणि बाजूंनी जाड प्लास्टिक घालून तो खडीनं भरला, तर खडीच्या फटींत सुमारे ७०० लिटर पाणी मावतं. म्हणजे पाणी तिथे तीन-साडेतीन दिवस मुक्काम करतं आणि तेवढ्यात बरंच निवळतं. खडीत कर्दळ लावायची आणि पाणी खडीच्या वर येऊ द्यायचं नाही, म्हणजे डास होत नाहीत. पाणी खडीत शिरण्याआधी तेलकट साय आणि गाळ अडवणारा एक छोटा गाळखड्डा मात्र हवाच. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

या शास्त्राच्या इतिहासात बायकांची जागा मोठी आहे, ती आपण विसरू नये. पाणवनस्पतींनी सांडपाणी साफ होऊ शकतं याचे प्रयोग जर्मनीत १९५० च्या दशकात कैथे सायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी केले. नाईलचं गढूळ पाणी सुदानमधल्या खेड्यांतल्या बायका शेवग्याच्या बिया कुटून निवळत. या त्यांच्या रीतीचा शास्त्रीय अभ्यास सामिया अल अझहारिया जान या संशोधिकेनं केला. शेवग्याच्या बीमधल्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरतात, गोळा होतात आणि तळाला बसतात. आपल्याकडे माठाच्या आतल्या अंगाला निवळीचं बी घासायची रीत होती. ‘अडाणी बायकांचे उपाय’ म्हणून ज्यांची हेटाळणी झाली, त्यांच्यामागे असं पारखून घेतलेलं ज्ञान होतं.

पण ज्ञानाचा अभिमान वेगळा आणि त्यावर विसंबून जीव धोक्यात घालणं वेगळं. निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. कर्दळीच्या खडीतून आलेलं पाणी झाडांना घालावं, ते प्यायचं नाही. शेवग्यानं निवळलेलं पाणीही उकळल्याशिवाय पिऊ नये. पाण्यात विरघळलेलं फ्लोराईड किंवा आर्सेनिक कर्दळीनं जाईल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेला अळू तर खाऊच नये, कारण पाण्यातले जड धातू त्यात उतरतात.

हे इतक्या ठासून सांगण्याचं कारण राजकीय आहे. ‘बायकांनी परसबाग केली की पाण्याचा प्रश्न सुटला’ असं म्हणणं सत्तेला फार सोयीचं असतं. नळाला स्वच्छ पाणी देणं आणि वस्तीचं सांडपाणी नीट वाहून नेणं ही शासनाची जबाबदारी आहे. कर्दळ तिला पूरक ठरू शकते, पण शासनाची सुटका करण्याचं साधन ती होता कामा नये. शहरातल्या झोपडपट्टीत जिथे घराला परस तर सोडाच, ओटासुद्धा नाही, तिथे १० फूट खड्डा कुठे काढायचा? तिथे गटारं आणि नळच मागावे लागतील.

आता कामाचं. अशा बैठकांमध्ये मी एकच प्रश्न विचारते: गाळखड्डा कोण उपसणार? आराखड्यात खडी किती, विटा किती, झाडं किती, सगळं लिहिलेलं असतं. आठवड्या-पंधरवड्यानं तेलाचा थर काढायचा आहे, वाढलेली कर्दळ छाटून बाहेर न्यायची आहे, तुंबलेली खडी कधीतरी काढून धुवायची आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. न लिहिलेलं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की बिनमोल घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७ मिनिटं. त्या पाच तासांत आणखी भर टाकायची असेल, तर बाईला आधी विचारायला नको का?

आणि काम जेव्हा घराबाहेर जातं, सामायिक खड्ड्याचं होतं, तेव्हा ते जातीकडे सरकतं. ‘गाळ काढायला त्यांच्यातल्या कुणाला बोलवा’ हे वाक्य आजही सहज बोललं जातं. हातानं मैला उपसण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी घाणीशी जातीची जोडलेली गाठ सुटलेली नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी जो संघर्ष झाला, त्याची दुसरी बाजू सांडपाण्याची आहे. स्वच्छ पाणी आधी कुणाला मिळतं, हे जसं पाहायचं, तसंच घाण पाणी कुणाच्या दारात जाऊन थांबतं, हेही पाहायला हवं.

‘बाई निसर्गाच्या जवळची असते, म्हणून तिला हे काम आवडतं’ असंही ऐकायला मिळतं. वंदना शिवा यांच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ या १९८८ च्या पुस्तकापासून स्त्री आणि निसर्ग यांच्या नात्याची चर्चा आपल्याकडे जोरात झाली. १९९२ साली बीना अगरवाल यांनी मांडलं, की हे नातं जन्मजात नाही. श्रमविभागणी, मालमत्ता आणि सत्ता यांतून ते घडतं. मला हे पटतं. बाई पाण्याची काळजी करते, कारण हंडा तिच्या डोक्यावर असतो. परसात ती राबते, पण सातबारा बहुधा दुसऱ्याच्या नावावर असतो. साफ झालेल्या पाण्यावर चार केळी आल्या, तर त्या विकायच्या की घरी खायच्या, हे कोण ठरवतं?

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गावात असा आराखडा येईल तेव्हा नाही म्हणू नका, पण हो म्हणण्याआधी अटी घाला. पिण्याच्या पाण्याची योजना आणि सांडपाण्याची योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठरावात लिहून घ्या. सामायिक खड्ड्याच्या देखभालीची मजुरी पंचायतीच्या अंदाजपत्रकात दाखवायला लावा आणि काम पाळीनं, घरातल्या पुरुषांसह, सगळ्या वस्त्यांनी करायचं हे ठरवा. खड्डा कुठे होणार हे ग्रामसभेत ठरू द्या. पाणी समितीवर निम्म्या जागा बायकांच्या असतात, तिथे नुसत्या सह्या करून उठू नका. त्या पाण्यावर जे पिकेल, त्याचे पैसे राबणारीच्या हातात पडायला हवेत.

कर्दळ कशीही रुजते, फार लाड मागत नाही. बाईकडूनही नेमकी हीच अपेक्षा केली जाते. कर्दळीबद्दल माझी तक्रार नाही, बाईबद्दलच्या या अपेक्षेबद्दल आहे.