यमक कानाचे की स्पेलिंगचे?

इंग्रजीच्या तासाला ‘लव्ह’चे यमक विचारले, की मुले ‘मूव्ह’ लिहितात आणि गाइडेही तेच सांगतात. का? तर स्पेलिंगची शेवटची तीन अक्षरे सारखी! अहो, हे यमक डोळ्यांचे. आघात असलेला स्वर आणि त्यापुढचे सारे कानाला जुळले पाहिजे, आधीचे व्यंजन वेगळे हवे: ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’. ‘इनफ’ जवळचे यमक म्हणून चालेल. विल्फ्रेड ओवेनने तर पहिल्या महायुद्धावरच्या कवितांत व्यंजने राखून स्वरच बदलला. हिशेब तरीही कानाचाच. उर्दूत सीन आणि स्वाद दोन्हींचा उच्चार ‘स’. तरी त्यांचा काफिया जुळवावा का, यावर उस्तादांनी वाद घातले. लिपीचा हा सोस इंग्रजीत कशाला? ‘सन’ला ‘वन’ जुळवणाऱ्या पोराचा गुण कापणे ही निव्वळ जुलूमशाही आहे.