अंदाज त्यांचा, मान आमची

पूर्वग्रहाची बाजू घेणारे शहाणे हल्ली फार झालेत. ते शिव्या देत नाहीत. चहाचा घोट घेत शांतपणे बोलतात. म्हणतात, अहो, माणूस अंदाज बांधूनच जगतो. आभाळ भरून आलं की आपण वाळवण आत घेतो ना? तसंच माणसांचं. चार जण तसे निघाले की पाचव्यापासून जपून राहायचं. यात द्वेष कुठाय? हा अनुभव आहे.

आभाळाचं मान्य. पण पाऊस पडला नाही म्हणून, किंवा पडला म्हणून, ढगाला कुणी फासावर देत नाही.

आता यांचा अनुभव बघू. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या बाजूनं तेव्हा जो युक्तिवाद झाला तो ऐकण्यासारखा आहे. या देशात धंदा जातीनं चालतो, सुताराचा पोरगा सुतार, विणकराचा विणकर, मग गुन्हेगाराचा पोरगा गुन्हेगारच. साहेबाला ही अक्कल विलायतेत सुचली काय? नाही दोस्तहो. इथल्या गावगाड्यानं ती त्याला आयती दिली. पोर पोटात असतानाच त्याचा धंदा ठरवायचा, हा मनूचा मजकूर. राणीनं फक्त शिक्का मारला आणि रजिस्टर जोडलं. हजेरी, पास, तारेचं कुंपण. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं गिरण्यांत घाम गाळायची आणि परत तारेच्या आत यायची. घामानं शिक्का धुतला जात नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. जमाती विमुक्त झाल्या म्हणे. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जुन्याच बाटलीला नवं बूच! आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत, कैद्यांच्या रजिस्टरात जातीचा रकाना तसाच. सर्वोच्च न्यायालयानं तो खोडायला सांगितला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर.

तरी शहाण्यांचं एक म्हणणं उरतंच: काही असो, उपयोग तर होतो!

कुणाला? २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. माणसं मारली गेली, बायांवर अत्याचार झाले. भयंकर प्रकार, त्याबद्दल दुमत नाही. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले. २००६ ला सहाही जणांना फाशी सुनावली गेली. हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली, तर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाच्या सहा फासावर दिले. मग फेरविचार झाला, आणि ५ मार्च २०१९ ला तेच न्यायालय म्हणालं, हे निर्दोष आहेत. प्रत्येकाला पाच लाख द्या. सोळा वर्षांचे पाच लाख. दोस्तहो, भागाकार तुम्हीच करा.

पण खरी मेख पुढेच आहे. त्या हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं पोलिसांनी दाखवलेल्या आल्बममधून चार फोटो ओळखले होते. ते या सहांतले नव्हते. त्या चौघांचा तपासच झाला नाही! म्हणजे ज्या कुटुंबाच्या नावानं हा सगळा न्याय चालला होता त्याच्याही पदरात काय पडलं? धोंडा. भटका सापडला की तपास संपतो, कागद पुरा होतो, साहेब घरी जेवायला जातो. उपयोग असेल तर एवढाच.

आणि जिथं कागदसुद्धा लागत नाही तिथं? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत आलेले. मोबाईलवर आधीच फिरत होतं, पोरं पळवणारे आलेत. नवखी माणसं, नवखा वेष. संपलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं पाचींना. ‘सावध राहा’ म्हणणाऱ्यांनी या सावधपणाचा हिशोब कधी मांडलाय?

कुणी म्हणेल, अरे, तुम्हीपण अंदाज बांधताच की. बांधतो. पोलिसाची जीप दिसली की पालावरची बाई पोराला गोधडीखाली ढकलती. ‘कोन हाय, कशाला आलाय’ हे विचारत बसत नाही. तिचा अंदाज चुकला तर शिपायाचं काय बिघडतं? फुकटचा हेलपाटा. शिपायाचा चुकला तर तिचा दादला लॉकअपमध्ये. दोन्हींना एकाच तराजूत घालणाऱ्याचं वजनच खोटं. भीतीनं मागं सरणं वेगळं, आणि हातात काठी, शाई न् शिक्का घेऊन पुढं येणं वेगळं.

आता जरा घरातलं बोलू. शहरात खोली बघायला गेलं की आडनाव विचारतात, आणि ऐकलं की खोली ‘कालच गेलेली’ असते. आपण चिडतो. लेख लिहितो, मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण पालावरचा पारधी आपल्या वस्तीशेजारी उतरला की आपल्यातल्याच किती जणांच्या कोंबड्या त्या रात्री मोजल्या जातात? ‘त्यांची जातच तशी’ हे वाक्य निळ्या झेंड्याखाली उभं राहून बोललेलं ऐकू येतं. ते वाक्य कुणाचं आहे हे ठाऊक असूनसुद्धा. येत्या ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाची सभा कुठल्या तरी हॉलमध्ये होईलच. ती पालावर घ्या. खुर्च्या नकोत. आणि येताना आडनाव विचारू नका.