अ‍ॅप हातात, काम चौघांत

आज १५ जुलै, जागतिक युवा कौशल्य दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ मध्ये तो जाहीर केला. मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या आयटीआयमध्ये प्रवेशाची धांदल असते, त्याच सुमारास हा दिवस येतो. दहावी झालेली अनेक मुले ‘कोपा’ म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट हा एका वर्षाचा ट्रेड निवडतील. घरी संगणक नाही, पण मोबाइल आहे, अशी त्यांतल्या कित्येकांची स्थिती असेल.

या मोबाइलवर आज शिकण्याची चांगली सोय आहे. प्रशिक्षण महासंचालनालयाच्या ‘भारत स्किल्स’वर अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि सराव चाचण्या मोफत मिळतात. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिबर ऑफिसपासून पायथनपर्यंतचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांतले अनेक मराठीतही ऐकता येतात. पाठ थोडा पाहायचा, थांबवायचा, तेच संगणकावर शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचे आणि मग पुढे जायचे, अशी त्यांची रीत आहे. न समजलेला भाग दहा वेळा ऐकला तरी कोणी हसत नाही. वर्गात हात वर करायला बुजणाऱ्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण सॉफ्टवेअर एकट्याने शिकता आले, तरी नोकरीत ते एकट्याने क्वचितच करता येते. घाटकोपरमधल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचे काम चार विद्यार्थ्यांकडे सोपवले आहे, असे समजू. एकाने सेक्रेटरींना विचारून थकबाकी आणि व्याजाचे नियम लिहून आणायचे. दुसरीने डेटाबेसचे तक्ते रचायचे, तिसऱ्याने प्रोग्राम लिहायचा, चौथीने मुद्दाम चुकीचे आकडे भरून तो तपासायचा. दुसरीने एका रकान्याचे नाव न सांगता बदलले की तिसऱ्याचा प्रोग्राम बंद पडणार. मग दोघांनी बसून चूक शोधायची, नावे ठरवायची, बदलांची नोंद ठेवायची. आज्ञावली अ‍ॅपवर शिकता येते. दुसऱ्याचे काम वाचणे आणि आपले काम दुसऱ्याला समजेल असे ठेवणे मात्र माणसांत राहूनच अंगवळणी पडते.

गट केला म्हणजे हे आपोआप होत नाही. जो हुशार तोच की-बोर्ड धरून बसतो आणि बाकीचे बघत राहतात. म्हणून की-बोर्ड आणि जबाबदाऱ्या ठरावीक वेळाने फिरल्या पाहिजेत, आणि शेवटी प्रत्येकाने सोबत्याने लिहिलेला भाग समजावून सांगितला पाहिजे. इथे निदेशकांची गरज वाढते. पाठ मोबाइलवर घरी ऐकून झाला, तर प्रयोगशाळेतला मोलाचा वेळ त्यांना गटागटांत बसून चुका उलगडण्यासाठी देता येईल.

त्यासाठी व्यवस्थेलाही काही करावे लागेल. संस्थांत भरवशाचे वायफाय हवे, कारण डेटा पॅकचा भार मुलांवर टाकणे योग्य नाही. ज्यांच्या घरी एकच मोबाइल सगळ्यांत फिरतो, त्यांच्यासाठी प्रयोगशाळा तासांनंतरही उघडी हवी. गटाने केलेल्या कामाला भरीव गुण हवेत, कारण ज्याला गुण नाहीत त्याला वेळापत्रकात जागा मिळत नाही. उपनगरांतल्या सोसायट्या, बचत गट आणि लहान दुकानदारांनी आपली खरी कामे या मुलांपुढे ठेवावीत. नव्या तुकड्या लवकरच वर्गात बसतील. त्यांच्या पहिल्या सत्रापासूनच हे सुरू करावे.