निबंध मोजले, वाचले किती?

'स्टॅनफर्डची यादी' जाहीर झाली की महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर फलक झळकतात: जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमचे अमुक इतके प्राध्यापक! ही यादी काढणारे जॉन आयोनिडिस वैद्यकातले संशोधक आहेत. यादी ज्या सहा मापांवर बेतलेली आहे, त्यांतले सर्वांत परिचित माप म्हणजे 'एच-इंडेक्स'. ते मात्र वैद्यकातून आलेले नाही, भौतिकशास्त्रातून आले आहे.

होर्खे हिर्श मूळचे अर्जेंटिनाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत ते संघनित पदार्थांचे भौतिकशास्त्र हा विषय सांभाळत. असंख्य अणू आणि इलेक्ट्रॉन एकत्र आले की पदार्थाला चुंबकत्व, अतिवाहकता असे गुण कसे येतात, याचा हा अभ्यास. 2005 मध्ये त्यांनी सुचवलेला हिशेब सोपा होता. ज्याच्या 20 निबंधांचा प्रत्येकी किमान 20 वेळा संदर्भ दिला गेला, त्याचा एच 20. शंभर निबंध लिहिले आणि कुणी ढुंकून पाहिले नाही, तर एच शून्य. एकच निबंध हजार वेळा उद्धृत झाला, तरी एच एकच. सहयोगी प्राध्यापकपदासाठी साधारण 12 आणि प्राध्यापकपदासाठी 18 एच असावा, असेही त्यांनी लिहिले होते, पण ते भौतिकशास्त्रापुरते. पुढे हा आकडा सगळ्याच विषयांना लावला गेला. मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांत नाव असलेला हृदयरोगतज्ज्ञ आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी हयात घालवलेला शरीररचनाशास्त्राचा शिक्षक यांना एकाच फूटपट्टीने मोजण्यात काय अर्थ आहे?

खुद्द हिर्श यांचे काम या मापात कसे बसते, हे पाहण्यासारखे आहे. 'स्पिन हॉल परिणामा'वरचा त्यांचा 1999 चा निबंध त्या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. दुसरीकडे, अतिवाहकतेचा सर्वमान्य सिद्धांतच चुकीचा आहे, असे ते 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून मांडत आले आहेत आणि बहुतेक सहकाऱ्यांना ते पटलेले नाही. एच-इंडेक्स दोन्ही कामे एकाच वहीत मांडतो. त्यांचा सर्वाधिक उद्धृत निबंध तर पदार्थविज्ञानावरचा नाहीच. तो आहे एच-इंडेक्सवरचा! 2020 मध्ये त्यांनीच लिहिले की, हे माप सपशेल फसू शकते आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. यात स्वतःचा सिद्धांत न स्वीकारला गेल्याची सल असेलही. पण त्याच वर्षी जे घडले, ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाच्या रंगा डायस यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दावा केला की, प्रचंड दाबाखाली सुमारे 15 अंश सेल्सिअसला अतिवाहकता मिळाली. हिर्श यांनी चुंबकीय मोजमापांच्या मूळ नोंदी मागितल्या आणि तो पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये 'नेचर'ने निबंध मागे घेतला. तोवर त्याचा शेकडो ठिकाणी उल्लेख झाला होता. गंमत अशी की, चूक दाखवणाऱ्या हिर्श यांच्या निबंधांमुळेही त्या निबंधाच्या संदर्भांत भरच पडली. मोजणाऱ्या यंत्राला होकार आणि हरकत यांतला फरक कळत नाही.

भौतिकशास्त्रात अशा निबंधापायी पैसा आणि वर्षे वाया जातात. वैद्यकात किंमत रुग्ण मोजतो. जर्मन भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांच्या नावावर निबंधांची रास होती. त्यांतले अनेक 'हायड्रॉक्सिएथिल स्टार्च' या शिरेतून देण्याच्या द्रावाची भलामण करणारे होते. 2011 पासून ते निबंध मोठ्या संख्येने मागे घेतले गेले. 2013 मध्ये 'जामा'तील विश्लेषणात बोल्ट यांच्या चाचण्या वगळून बेरीज केली, तेव्हा अत्यवस्थ रुग्णांत हा द्राव वापरल्यास मृत्यू आणि मूत्रपिंडाची हानी वाढते, असे दिसले. तोवर अतिदक्षता विभागांत तो वर्षानुवर्षे वापरला गेला होता.

भारतातही वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते. शंभर खाटांमागे एक निवासी डॉक्टर धावत असताना वरिष्ठ अधिकारी निबंधाच्या मागे लागतो, तो काही केवळ हौसेने नव्हे. निवड समितीने उमेदवाराचे दोनच निबंध मागवून ते वाचले आणि नोंदी कुठे ठेवल्या आहेत एवढे विचारले, तरी बरेच काही उघड होईल. त्याला वेळ लागतो. आकडा पाहायला लागत नाही.

अलीकडे स्टॅनफर्डच्या यादीत मागे घेतलेल्या निबंधांचाही रकाना आला आहे. प्रवेशद्वारावरच्या फलकांवर तो अजून दिसलेला नाही.